पत्र्यावरचे दगड

सुजाताचं घर बोटीतून आलं. भिंती एका कंटेनरमध्ये आणि छपराचे पत्रे, दारं, खिडक्या दुसऱ्यात. फ्लोरिडातल्या एका कारखान्यात बनलेलं, भिंतीभिंतीवर नंबर चिकटवलेलं ते घर सेंट क्रॉयच्या धक्क्यावर उतरलं, तेव्हा ती उन्हासाठी छत्री धरून एकटीच उभी होती. कंटेनरचं दार उघडलं. आत पांढऱ्या भिंती एकीला एक टेकून उभ्या होत्या. तिनं फोटो काढला, ओहायोला डब्लिनच्या घरी नवऱ्याला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आपलं घर आलं.’

शंकररावांनी अंगठा पाठवला.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग फोन पर्समध्ये टाकला आणि ट्रकवाल्याला रस्ता दाखवायला पुढे गेली.

सेंट क्रॉय हे कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेचं बेट. अमेरिकेचं असलं तरी तिथे गाड्या डाव्या बाजूनं चालतात आणि कुणाशीही बोलायचं तर आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं लागतं. न म्हणता थेट भाव विचारला तर दुकानदार ऐकूच आलं नाही असं दाखवतो. सुजाताला हे दोन्ही पहिल्या आठवड्यातच आवडलं होतं. काही वर्षांपूर्वी मोठं वादळ येऊन गेलं, बेटावरच्या हॉस्पिटलला माणसं कमी पडली, तेव्हा डब्लिनला लागून असलेल्या कोलंबस शहरातल्या रक्तपेढीत काम करणारी सुजाता तीन महिन्यांसाठी इथे आली होती. निम्म्या घरांवर छपराऐवजी निळी ताडपत्री होती. पण ताडपत्र्यांच्या मधूनमधून शेवगा होता, चिंच होती, आणि बाजारात एक बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसली होती. सुजातानं एक तिथेच फोडून खाल्लं आणि बिया कुठे टाकाव्यात ते न कळून मुठीत धरून बराच वेळ उभी राहिली. बल्लारशाला, रेल्वेच्या चाळीमागे, असंच एक झाड होतं.

त्या बिया तिनं टाकल्या नाहीत. रिटायर झाल्यावर इथे जमिनीचा तुकडा घेतला.

शंकररावांचा विरोध नव्हता. त्यांचा कशालाच विरोध नसे. राज्य सरकारच्या ऑफिसातल्या नोकरीतून तेही मोकळे झाले होते आणि डब्लिनमध्ये त्यांचं बरं चाललं होतं. रविवारी विहारातली वंदना, एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम, ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाचा. हॉल बुक करणं, नव्यानं आलेल्या पोरांना अपार्टमेंट शोधून देणं, कुणाला विमानतळावरून आणणं. सगळ्या कोलंबसचे ते काका होते. घरी असले की वरच्या मजल्यावर टीव्ही लावून बसत. मुलगी नैना कॉलेजला गेल्यापासून, त्यांच्या घोरण्यामुळे, दोघांच्या खोल्या वेगळ्या झाल्या होत्या. सुजाता खालून मेसेज करायची, ‘जेवायला या.’ ते वरून अंगठा पाठवायचे. दिवसातलं त्यांचं एकच वाक्य मोठ्यानं यायचं, सकाळी बाथरूममधून, “सुजाता, टॉवेल!”

शंकररावांना माणसं लागत. सुजातालाही लागत, पण तिला एकच लागत होता.

बेटावर विहार नाही, हॉल नाही, आणायला जावं असं कुणी विमानानं उतरत नाही. इथे दोघंच असू, आणि मग बोलावंच लागेल, असा तिचा सरळ हिशेब होता. तो तिनं कुणाला सांगितला नव्हता. शंकररावांना ती म्हणाली होती, “गुडघ्यांना बरं पडेल. बर्फ नाही.”

“आधी घर तं उभं राहू दे,” ते म्हणाले होते. “मग येतोच. हे घर विकून टाकू.”

तेवढ्यावर ती निघाली.

बांधकाम चालू असताना ती शेजारच्या मिस अल्बर्टाकडे राहिली. मिस अल्बर्टा शाळेच्या स्वयंपाकघरातून रिटायर झालेली, पंचाहत्तरीला आलेली बाई; इथे मोठ्या वयाच्या सगळ्याच बायकांना मिस म्हणतात. नवरा गेलेला, एक मुलगा टेक्सासला, एक टँपाला. तिनं सुजाताला जी खोली भाड्यानं दिली ती मुलांची होती. पलंगाच्या पायथ्याशी दोन टॉवेल घडी करून ठेवलेले होते. घडीवर धुळीची बारीक रेघ. मिस अल्बर्टानं ते उचलले, झटकले, आणि कपाटात ठेवताना म्हणाली, “हे वापरू नकोस. तुझे वेगळे देते.”

घर उभं करणाऱ्या टोळीचा मुकादम डेलरॉय. आधी त्यानं जमिनीत काँक्रीटची मोठी टाकी बांधली, कारण इथे नळाचं पाणी सगळीकडे नाही; छपरावर पडलेलं पाऊसपाणी घराखालच्या टाकीत साठवायचं आणि वर्षभर तेच वापरायचं. टाकीचं छत हीच घराची जमीन. त्या जमिनीला भिंती बोल्टनं जखडायच्या, आणि भिंतींना छप्पर. सुजाताला भिंतींना नंबर द्यायची ही पद्धत मनापासून आवडली. तिच्या स्वयंपाकघरात हिंगाच्या डबीवरही ‘हिंग’ असं लिहिलेलं असे. डेलरॉय नंबर ओरडायचा, माणसं ती भिंत उचलून आणायची, आणि दुपारपर्यंत जिथे नुसता वारा होता तिथे खिडकी असायची.

फक्त चौदा नंबरची भिंत ती लावू देत नव्हती.

“मॅम, चौदा कुठे?” डेलरॉयनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याच्या हातात कारखान्याचा नकाशा होता. चौदा नंबर मधल्या मोठ्या खोलीचे दोन भाग करणारी. नकाशात दोन बेडरूम होत्या.

“राहू दे ती. बाजूला ठेव.”

“ही लावली नाही तर एकच खोली होईल.”

“हो. एकच हवी आहे.”

“दोन खोल्या असल्या तर विकताना भाव येतो.”

“विकायचं नाहीये, डेलरॉय.”

डेलरॉयनं खांदे उडवले. चौदा नंबरची भिंत गॅलरीत ताडपत्री घालून आडवी ठेवली गेली. इथले लोकही व्हरांड्याला गॅलरीच म्हणतात. संध्याकाळी काम थांबलं की सुजाता तिथे खुर्ची टाकून बसायची आणि डब्लिनला फोन लावायची.

“अहो, भिंती लागतायत. टाकीही झाली.”

“वा! पाणी टिकते ना त्यात? बघून घे.”

“तुम्ही येता ना बघायला?”

“येतो ना. गुडघ्याचं ते इंजेक्शन होऊ दे जरा.”

मग भिंती झाल्या. तेव्हा राकेश आणि जागृती ही नवी जोडी कोलंबसला राहायला येत होती, त्यांना घर लावून द्यायचं होतं. त्यानंतर ऑक्टोबरच्या कार्यक्रमाची तयारी. “या वर्षी सगळं माझ्याच गळ्यात आलंय बाप्पा,” शंकरराव म्हणाले. पण आवाजात तक्रार नव्हती. मागून कुणीतरी हसत होतं, कुणीतरी ‘काका, साखर कुठे आहे?’ म्हणून विचारत होतं.

“वरच्या कपाटात, डावीकडे,” सुजाता फोनवरून म्हणाली.

“सापडली, सापडली,” शंकरराव म्हणाले.

एक चूक मात्र सुजाताकडूनच झाली होती. कारखान्यानं माल कधी पाठवायचा असं विचारलं तेव्हा तिनं ऑगस्ट सांगितला होता. वादळांचा मोसम जूनपासून नोव्हेंबरपर्यंत असतो हे तिनं वाचलं होतं. पण मनात पक्कं बसलेलं होतं ते वेगळं. पाऊस म्हणजे जून-जुलैचा. पोळा झाला की जोर ओसरतो. त्या हिशेबानं सप्टेंबरात छप्पर चढवायला काही हरकत नव्हती. शंकररावांनाही विचारलं होतं, आणि तेही म्हणाले होते, “बरोबर आहे. पोळ्यानंतर काय पाऊस!” डेलरॉयला हे कळल्यावर तो आधी हसला आणि मग हसायचा थांबला. इथे सप्टेंबर हाच सगळ्यात वाईट महिना.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वादळ निघाल्याची बातमी आली. घराचं मुख्य छप्पर पक्कं झालं होतं. पत्रे पेलणाऱ्या प्रत्येक लाकडी कैचीला पोलादी पट्टी, प्रत्येक पट्टीला बोल्ट. राहिलं होतं ते गॅलरीवरचं. तिथल्या पट्ट्या पुढच्या बोटीनं यायच्या होत्या आणि ती बोट वादळामुळे थांबली होती. पत्रे नुसते चार-दोन स्क्रूंवर बसवलेले होते.

“उद्या सकाळी येऊन मी हे पत्रे उतरवतो आणि आत ठेवतो,” डेलरॉय म्हणाला. “आज मला आईच्या खिडक्यांना फळ्या ठोकायच्यात. तू कशाला हात लावू नको.”

तो गेला. गल्लीत सगळीकडून ठोकाठोकीचा आवाज येत होता. वारा अजून साधाच होता, पण गॅलरीचा कोपऱ्यातला पत्रा मधूनच उचलला जाई आणि पुन्हा टपकन खाली बसे. सुजाता खाली उभी राहून त्याच्याकडे बघत होती. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. बल्लारशाला मे महिन्यात संध्याकाळचं आभाळ काळवंडलं की घरावरचा पत्रा असाच बोलायला लागायचा. मग आई ओरडायची, बाबा शिडी लावायचे, आणि सुजाता आणि तिचा भाऊ खालून एकेक दगड वर द्यायचे. दगड ठेवून झाले की पत्रा गप्प. मग सगळे आत येऊन चहा प्यायचे.

टाकीच्या कामातले सिमेंटचे अर्धे ठोकळे कुंपणाशी पडून होते. तिनं डेलरॉयची शिडी लावली. एक ठोकळा कुशीत धरायचा, दुसऱ्या हातानं शिडी धरायची, दर पायरीला छाती टेकून श्वास घ्यायचा. गॅलरी बुटकी होती म्हणून जमलं. काही ठोकळे, काही दगड असं करत सगळ्या पत्र्यांवर वजन आलं, तेव्हा पत्रा गप्प झाला होता. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं खाली उतरून फोटो काढला आणि पाठवला.

या वेळी अंगठा आला नाही. फोनच वाजला.

“अगं, हे काय करून राहिली तू!” शंकरराव हसत होते. कितीतरी महिन्यांत तिनं त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. “अगदी आमच्या नागपूरच्या घरासारखं दिसते ना!”

“मग? दिसणारच. बल्लारशाची आहे मी.”

“पण चुकली तू. मधोमध काऊन ठेवले? पत्र्यावर पत्रा जिथे चढते तिथे ठेव. जोडावर.”

“आमचे बाबा मधेच ठेवायचे.”

“तुझे बाबा रेल्वेतले. क्वार्टरचे पत्रे सरकारचे. उडाले तं सरकारचे उडाले. आमच्या बाबांनी स्वतः पत्रे विकत घेतले होते, ते बरोब्बर जोडावर ठेवत.”

“बरं बाप्पा. तुमचे बाबा हुशार.”

“होतेच. आणि आमची आई एक जुनं जातं ठेवायची वर. तळ फुटलेलं. ते कधी हललं नाही.”

“हे तुम्ही कधी सांगितलं नाही.”

“तू कधी पत्र्यावर चढली नाही.”

ती हसली. फोन खांद्याशी धरून ती पुन्हा शिडी चढली आणि ते सांगत गेले तसे तिनं ठोकळे सरकवले. हा इकडे, तो जरा खाली, तो नको, तो गोल आहे, घरंगळेल. ते तिथे नव्हते, पण तिला वाटलं, आहेत. खाली उभे आहेत, डोळ्यांवर हात धरून वर बघतायत. त्यांच्या बाजूनं मधूनमधून ठाक ठाक असा आवाज येत होता.

“तुमच्याकडे काय ठोकून राहिले?”

ते क्षणभर थांबले. “बाजूच्या ॲलनकडे. रूफ करून राहिला तो.”

“त्याच्याकडे पण वादळ येतेय की काय?”

“नाही गं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “तू नीट उतर आता. घाई नको करू.”

फोन ठेवला तेव्हा तिच्या कानाला घाम आला होता. शिडीवरून उतरून ती वळली तर कुंपणापाशी मिस अल्बर्टा उभी होती. घरातल्या चपला, कमरेवर हात.

“गुड आफ्टरनून, सुजाता.”

“गुड आफ्टरनून, मिस अल्बर्टा.”

“आता मला सांग, तू मला ठार मारायचं ठरवलंयस का?”

“काय?”

“ते वर काय ठेवलंयस?”

“पत्रे उडू नयेत म्हणून...”

“पत्रे उडणार. आणि पत्र्यांबरोबर तेही उडणार. आणि उडून कुठे जातील? हे बघ,” तिनं हात लांब करून दाखवलं, “ही माझी खिडकी. आणि खिडकीच्या मागे मी.”

“आमच्याकडे वाऱ्यात असेच ठेवतात.”

“तुमच्याकडचा वारा घरातल्या माणसासारखा असेल. ओरडतो आणि झोपतो. आमचा तसा नाही. गेल्या मोठ्या वादळात माझ्या अंगणात एक बाथटब आला. अख्खा. कुणाचा ते अजून कळलं नाही. मी त्यात कोंबड्यांना पाणी पाजते.”

सुजाताचा चेहरा बघून मिस अल्बर्टाचा आवाज जरा खाली आला.

“कुणी सांगितलं तुला असं करायला?”

“कुणी नाही,” सुजाता म्हणाली. “नवरा म्हणाला, जोडावर ठेव.”

“तो कुठे आहे?”

“ओहायोला.”

“हं,” मिस अल्बर्टा म्हणाली आणि कुंपणाच्या फटीतून आत येऊन शिडीचे पाय दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. “चल. काढ ते. मी धरते.”

ठोकळे चढवताना लागला नव्हता इतका वेळ उतरवताना लागला. एकेक उचलताना तिला आठवत होतं, हा त्यांनी इकडे म्हटला होता, हा जरा खाली. शेवटचा खाली आला आणि पत्रा लगेच पुन्हा बोलायला लागला. तिनं मेसेज केला, ‘दगड काढले. इथल्या वाऱ्यात तेच उडतात म्हणे.’

‘अरे हो,’ त्यांचं उत्तर आलं. ‘बरोबर आहे. काळजी घे.’

सकाळी डेलरॉय आला, गॅलरीचे पत्रे उतरवून आत ठेवले आणि चौदा नंबरची भिंतही ताडपत्रीसकट आत ओढली. वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. मिस अल्बर्टाच्या जुन्या दगडी घरात, बाथरूममध्ये, दोघींनी ते ऐकलं. मिस अल्बर्टा चर्चमधली गाणी म्हणत होती. सुजातानं मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं, आणि मग हात मांडीवर ठेवून तिची गाणी ऐकत राहिली.

बाहेर आल्या तेव्हा शेवग्याचं झाड आडवं होतं. कुंपण गेलं होतं. आणि पलीकडे सुजाताचं घर होतं. पांढऱ्या भिंती, त्यावर छप्पर, छपराखाली खिडक्या, सगळं जिथल्या तिथे, पानांचा चिखल माखलेलं. ती त्याच्याभोवती पूर्ण फिरून आली आणि पायरीवर बसली. कुणाला तरी सांगायचं होतं. फोनला रेंज नव्हती.

रेंज बऱ्याच दिवसांनी आली. पहिला फोन नैनाचा लागला. नैना कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला चिप डिझाइन करते, आणि मराठी समजत असलं तरी बोलते ती इंग्रजीतच.

“आई! ओ माय गॉड, आर यू ओके?”

“मी ठीक आहे गं. घर पण ठीक आहे. उभं आहे.”

“वी वेअर सो वरीड. बाबा वॉज अ मेस. ही जस्ट सॅट देअर वॉचिंग द वेदर चॅनल. ही इव्हन सेंट द रूफर्स होम.”

“कुठले रूफर्स?”

“फॉर द रूफ.”

“कुठल्या रूफसाठी?”

“अवर रूफ, आई. डब्लिन.” नैना थांबली. “ही डिडन्ट टेल यू? इट्स ऑलमोस्ट डन. इट लुक्स रिअली नाइस. डार्क ग्रे. लाइफटाइम वॉरंटी अँड एव्हरीथिंग.”

सुजाता गॅलरीत उभी होती. डोक्यावर छप्पर नव्हतं, नुसत्या कैच्या, आणि त्यांच्यामधून निळं आभाळ दिसत होतं.

“आई? यू देअर?”

“आहे. आवाज तुटतोय जरा. नंतर करते.”

आवाज अजिबात तुटत नव्हता.

ती शंकररावांना चांगली ओळखत होती. डब्लिनच्या आधी दोघं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायची. ते सोडताना शेवटच्या महिन्यात स्वयंपाकघरातला बल्ब गेला, तर शंकररावांनी नवा लावला नव्हता. ‘आपल्याला थोडंच राहायचंय,’ म्हणाले होते. तिनं त्या महिन्याचा सगळा स्वयंपाक फ्रीजचं दार उघडून केला होता.

तिनं फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

“सुजाता? कशी आहे? किती फोन केले मी!”

“मी बरी आहे. घर उभं आहे.”

“हो का! वा. वा.” ते खरंच खूश झाले होते. “मी म्हटलंच होतं, पक्कं काम आहे म्हणून.”

“नवं रूफ केलं म्हणे तुम्ही.”

पलीकडे टीव्हीचा आवाज होता. तो बंद झाला.

“नैना बोलली का? अगं, ते... विकायच्या आधी करावंच लागते. जुन्या रूफला गिऱ्हाईक मिळत नाही.”

“रंग कुणी निवडला?”

“मीच. राकेश होता सोबत.”

“करडा?”

“गडद करडा. जरा शोभते. समोरून बघितलं की...”

“त्या दिवशी ठोकत होते ते ॲलनकडे नव्हतं.”

“नव्हतं,” शंकरराव म्हणाले.

“मग मला दगड कुठे ठेवायचे ते कशाला सांगत बसले होते?”

ते म्हणाले, “बरं वाटत होतं गं बोलायला.”

तिला राग यायला हवा होता. ती रागाची वाट बघत राहिली, पण आला तो नुसता थकवा, शिडी चढताना आला होता तसा. त्यांनाही बरं वाटलं होतं. तेवढं खोटं नव्हतं. पण तेवढ्यावर माणूस घर सोडून येत नाही, हे तिला आता कळलं, आणि बहुतेक त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

“मला तिकडे जमणार नाही, सुजाता,” ते हळूच म्हणाले. “मी काय करू तिथे दिवसभर? समुद्र किती बघणार? इथे निदान कुणी काका म्हणते.”

“मी आहे ना इथे,” असं तिच्या अगदी ओठांपर्यंत आलं. ती म्हणाली, “हो.”

“तू रागावली?”

“नाही.”

“डिसेंबरात येतो ना मी. इथे तेव्हा फार थंडी असते. दोन आठवडे तरी राहतो. जयंतीच्या आधी तशीही कामं नसतात.” त्यांच्या आवाजात पुन्हा उत्साह आला. “बरं, येताना काय आणू? तिथे काय मिळते, काय नाही... माझ्यासाठी टॉवेल, चादर असं काही घेऊन येऊ का?”

सुजातानं फोन कानापासून जरा दूर धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, टॉवेल कुठल्या कपाटात असतात ते या माणसाला माहीत नव्हतं.

“आणा,” ती म्हणाली.

पट्ट्या घेऊन बोट आली. डेलरॉयनं गॅलरीचं छप्पर चढवलं आणि या वेळी प्रत्येक पट्टी स्वतः ओढून बघितली. सुजाता खाली उभी राहून बघत होती.

“झालं, मॅम. आता फक्त साफसफाई.”

“चौदा राहिली आहे,” ती म्हणाली.

“कुठली चौदा?”

“ती भिंत. नकाशात आहे तिथे लाव.”

डेलरॉयनं नकाशा पुन्हा उघडला. दुपारपर्यंत मोठ्या खोलीच्या दोन झाल्या. तिची खोली समुद्राकडची, दुसरी रस्त्याकडची. दुसरीत तिनं एक पलंग टाकला, खिडकीला पडदा लावला. पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवून एकटीनंच वंदना घेतली. मोठ्यानं म्हणताना आवाज रिकाम्या भिंतींवर आपटून परत येत होता, म्हणून पुढची गाथा तिनं हळू म्हटली.

मिस अल्बर्टा घर बघायला आली, बशीत दोन सीताफळं घेऊन.

“गुड मॉर्निंग, सुजाता.”

“गुड मॉर्निंग, मिस अल्बर्टा. या.”

तिनं सगळं घर बघितलं. नळ उघडून टाकीचं पाणी चाखलं, ओट्यावरून हात फिरवला, गॅलरीच्या पत्र्याकडे वर बघून “हं” केलं. मग रस्त्याकडच्या खोलीच्या दारात थांबली.

“ही कुणाची?”

“पाहुण्यांची,” सुजाता म्हणाली. “नवरा येणार आहे डिसेंबरात. दोन आठवडे.”

मिस अल्बर्टा पलंगाकडे बघत राहिली. चादर ताणून घातलेली होती, उशी नवी होती.

“टॉवेल नाही ठेवलेस?”

“तो आणणार आहे.”

“माझी मुलंही तेच म्हणतात, दरवर्षी,” मिस अल्बर्टा म्हणाली. “तू ठेव.”

ती गेल्यावर सुजातानं सीताफळं ओट्यावर ठेवली, आतल्या कपाटातून एक टॉवेल काढला आणि घडी मोडून पुन्हा नीट घातली.